पुरुषांसाठी गोळी का नाही?

स्त्रियांसाठी संततिनियमनाची गोळी अमेरिकेत १९६० साली मान्य झाली. आज ती आपल्या सरकारी आरोग्य केंद्रात फुकट मिळते. मग पुरुषांसाठी अशी गोळी का असू नये, असे एखाद्या बाईने विचारले तर त्यात वावगे काय?

अडचण अशी की, स्त्रीच्या शरीरात महिन्याला बहुधा एकच बीज पक्व होते. पुरुषाच्या शरीरात मात्र रोज कोट्यवधी शुक्रजंतू तयार होतात. घागरीचे तोंड बांधणे सोपे, वाहता पाट अडविणे अवघड!

या पाटाचा पाटकरी मेंदूच्या तळाशी बसलेला असतो. ती वाटाण्याएवढी पीयूष ग्रंथी. रक्तात टेस्टोस्टेरॉन हा पुरुषी अंतःस्राव पुरेसा आहे की नाही, हे पाहून ती वृषणांना हुकूम सोडते. तोच अंतःस्राव बाहेरून दिला, तर पाटकऱ्याला वाटते, भरपूर झाले. आणि तो दार टाकतो. शुक्रजंतू बनणे थांबते. पण रक्तातला पुरवठा चालू असल्याने पुरुषत्व कायम राहते. मात्र शुक्रजंतू तयार व्हायला सुमारे अडीच महिने लागतात, म्हणून गुण यायला आणि उतरायलाही काही महिने जातात.

हे खरे ठरते काय? जागतिक आरोग्य संघटनेने सात देशांत २७१ पुरुषांना दर आठवड्याला इंजेक्शन देऊन पाहिले. १९९० साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. ज्या १५७ जणांचे शुक्रजंतू पार नाहीसे झाले, त्यांच्यात वर्षभरात एकच गर्भधारणा झाली. पण सर्वांचेच शुक्रजंतू शून्यावर येईनात. म्हणून पुढे दुसऱ्या अंतःस्रावाची जोड दिली. आठ आठवड्यांनी एक इंजेक्शन, असा हा प्रयोग ३२० पुरुषांवर झाला. गुण चांगला आला. परंतु काहींचे मन खिन्न होऊ लागले, मुरुमे उठली. २०११ साली देखरेख समितीच्या सल्ल्यावरून प्रयोग थांबविला. तरीही भाग घेतलेल्यांपैकी तीन चतुर्थांशांहून अधिक जण हा उपाय वापरायला राजी होते.

असले त्रास स्त्रियांना गोळीने होतातच की! मग माप निराळे का? गोळीचा त्रास बाळंतपणाच्या धोक्याशी तोलला जातो. पुरुषाला बाळंतपण नाही. म्हणून त्याच्या औषधाचा लहान त्रासही जड ठरतो.

२०१८ पासून खांद्यांना रोज चोळावयाच्या मलमाचा प्रयोग चालू झाला. ते अजून बाजारात आलेले नाही. आणि हो, व्यायामशाळेत मिळणारी पुरुषी अंतःस्रावाची इंजेक्शने म्हणजे हा उपाय नव्हे. ती मनाने घेऊ नयेत. मूल हवे असेल तेव्हा पस्तावाल.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत शंभर विवाहित स्त्रियांपैकी सुमारे अडतीस जणींची शस्त्रक्रिया झालेली आढळली. पुरुष नसबंदीचा आकडा हजारात तीन! मलम येईल तेव्हा येवो. निरोध आणि बिनटाक्याची नसबंदी आजही हाताशी आहे. ओझे दोघांचे आहे. मग खांदा एकटीनेच का द्यावा?