अनुदान मंजूर झाले. वस्तीला काम किती मिळाले?

दीघनिकायात कूटदन्त सुत्त आहे. महाविजित राजाच्या राज्यात चोऱ्या आणि लुटालूट वाढलेली असते, आणि राजाला मात्र मोठा यज्ञ करायचा असतो. त्याचा पुरोहित त्याला सांगतो की कर वाढवून किंवा माणसांना शिक्षा करून ही लुटालूट थांबणार नाही. जे शेती करतात, गुरे पाळतात त्यांना बियाणे व चारा द्यावा. जे व्यापार करतात त्यांना भांडवल द्यावे. जे राजाची चाकरी करतात त्यांना अन्न व वेतन द्यावे. माणसे आपापल्या कामाला लागली की राज्य शांत होईल. राजा तसे करतो आणि लोक घरांची दारे उघडी ठेवून निर्धास्त राहू लागतात.

तथागतांनी सांगितलेल्या या कथेत दिलेल्या भांडवलाचे माप एकच आहे: माणसे कामाला लागली की नाही? आपल्या वस्त्यांत मात्र 'कोणाचे किती मंजूर झाले' एवढीच चर्चा होते. मंजुरीनंतर दोन वर्षांनी किती हातांना काम राहिले, हे कोणी विचारत नाही. आमच्या मते खरा प्रश्न तोच आहे.

हा पैसा कोणाची मेहेरबानी नव्हे. संविधानाच्या ४६ व्या अनुच्छेदाने अनुसूचित जाती-जमातींचे आर्थिक हित जपण्याची जबाबदारी राज्यावर टाकली आहे. शेतीवर जगणाऱ्या जादा माणसांना उद्योगधंद्यांत काम मिळाल्याशिवाय शेतीचा प्रश्न सुटणार नाही, असे बाबासाहेबांनी १९१८ सालीच लहान शेतीवरील निबंधात मांडले होते. पुढे १९७८ मध्ये महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळ स्थापन झाले आणि त्यानंतर लगेच विशेष घटक योजना आली. धर्मांतरित बौद्धांना केंद्राच्या सवलतींसाठी मात्र १९९० पर्यंत झगडावे लागले. एवढ्या झगड्याने मिळालेला पैसा वाया जाऊ देणे आपल्याला परवडणारे नाही.

एका घराची चूल

महामंडळाच्या अनुदान योजनेत कित्येक वर्षे पन्नास हजारांपर्यंतच्या धंद्याला निम्मे, पण जास्तीत जास्त १०,००० रुपये अनुदान मिळत असे. त्यातून दोन शेळ्या, एखादी हातगाडी, एखादे शिलाई मशीन येई. एका घराची चूल पेटली, हे काही लहान काम नव्हे. पण त्या धंद्याने शेजारच्या घरातल्या बेकार मुलाला काम मिळत नसे. म्हणून जेथे नियम परवानगी देतात तेथे अनेक हातांना पुरेल असा धंदा निवडावा, असा आमचा आग्रह आहे.

ट्रॅक्टर कोणाच्या अंगणात?

अनुसूचित जाती व नवबौद्धांच्या बचत गटांना मिनी ट्रॅक्टर देण्याच्या योजनेचेच उदाहरण घेऊ. २०१२ च्या निर्णयानुसार ट्रॅक्टर व त्याच्या साधनांसाठी साडेतीन लाखांची मर्यादा ठरली. त्यात ९० टक्के म्हणजे ३,१५,००० रुपये अनुदान आणि गटाचे फक्त ३५,०००. गटात किमान ८० टक्के सभासद आपल्या समाजाचे हवेत. अध्यक्ष आणि सचिवही आपलेच हवेत.

गटात दहा जण असले तर माणशी ३,५०० रुपये होतात. ही रक्कम जमत नाही तेथेच गडबड सुरू होते. गावातला एखादा पैसेवाला म्हणतो, "पस्तीस हजार मी भरतो, तुमची फक्त नावे द्या." मग ट्रॅक्टर त्याच्या अंगणात उभा राहतो आणि कागदावरचे आमचे अध्यक्ष त्याच ट्रॅक्टरमागे मजुरीने जातात! मिळालेला ट्रॅक्टर विकता किंवा गहाण ठेवता येत नाही, हे खरे. पण आपणच अंगठा उठवून दिल्यावर तो नियम काय करणार?

तोच ट्रॅक्टर गटाच्या ताब्यात राहिला तर वस्तीतल्या एका तरुणाला चालकाचे काम मिळते. नांगरणी, वाहतूक यांचे भाडे गटात येते. ट्रॅक्टर दुरुस्तीचे काम शिकणारा मुलगा वस्तीतलाच असू शकतो. जयंतीसाठी घरोघर वर्गणी जमवणाऱ्या समाजाला माणशी साडेतीन हजार हप्त्याहप्त्याने जमवणे अशक्य नाही.

चार मशिनी, चार घरे

आता भगिनींसाठी एक हिशेब. २००८ साली सुरू झालेल्या पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमाच्या नियमांप्रमाणे अनुसूचित जातीच्या किंवा महिला अर्जदाराने पाच टक्के स्वतःचे घालायचे. अनुदान ग्रामीण भागात ३५ टक्के, शहरात २५ टक्के. उदाहरणादाखल खेड्यातल्या एका भगिनीने चार लाखांचा शिवणकामाचा प्रकल्प काढला, तर स्वतःचे २०,००० आणि बँकेचे कर्ज ३,८०,०००. अनुदानाचे १,४०,००० तिच्या हातात येत नाहीत. ते बँकेत तीन वर्षे तिच्या नावाने ठेवलेले असतात; तेवढ्या कर्जावर व्याज लागत नाही. धंदा चालू राहिला तरच ती रक्कम कर्जातून वजा होते. 'अर्धे माफ करून देतो' म्हणणारा दलाल नेमकी हीच गोष्ट लपवतो.

धंदा तीन वर्षे चालायचा तर गिऱ्हाईक आधी पाहिले पाहिजे. शाळेच्या गणवेशाची खरेदी शासनाने डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे सोपवली. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे या समितीत तीन चतुर्थांश सभासद पालक असतात आणि निम्म्या महिला असतात. आपल्या वस्तीतले पालक त्या समितीत आहेत ना? मग गणवेशाचे काम वस्तीतल्या मशिनींना मिळावे, अशी मागणी त्यांनी बैठकीत का करू नये? एक भगिनी कापणार, दोघी शिवणार, चौथी काज-बटण आणि इस्त्री करणार. कर्ज एकीच्या नावावर, पण रोजगार चार घरांत.

जमाखर्च विहाराच्या भिंतीवर

मोठ्या रकमेने आपोआप रोजगार येतो, हा समजही सोडला पाहिजे. २००४ च्या योजनेत मागासवर्गीयांच्या औद्योगिक सहकारी संस्थांना शंभर रुपयांत संस्थेचे पाच, शासनाचे भागभांडवल पस्तीस, शासनाचे कर्ज पस्तीस आणि बँकेचे पंचवीस, अशी मदत ठरली. तरीही अनेक संस्थांचे कारखाने सुरूच झाले नाहीत. जेथे सभासदांना फक्त सहीपुरते बोलावले जाते, तेथे दुसरे काय होणार?

यावर उपाय आपल्याच हाती आहे. जयंतीचा जमाखर्च आपण छापतो. तसाच बचत गटाचा जमाखर्च दर महिन्याच्या पौर्णिमेला विहाराच्या भिंतीवर लावावा. किती आले, किती गेले, हप्ता भरला का, आणि या महिन्यात वस्तीतल्या किती जणांना किती दिवस काम मिळाले, हे चार आकडे पुरेत. वस्तीतल्या शिकलेल्या मुलामुलींनी जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, दरपत्रक ही कागदपत्रे तयार करून द्यावीत, म्हणजे दलालाची गरज उरणार नाही. अर्जापूर्वी जिल्हा उद्योग केंद्रात किंवा समाजकल्याण कार्यालयात त्या वर्षीचे नियम स्वतः विचारून घ्यावेत.

आणि कमाई सुरू झाली की सिगालोवाद सुत्त आठवावे. गृहस्थाने मिळकतीचे चार भाग करावेत. एक उपभोगावा, दोन धंद्यात घालावेत, एक अडीअडचणीसाठी ठेवावा. दोन भाग धंद्यात राहिले तर पुढच्या वर्षी पाचवी मशीन येईल आणि पाचव्या घराला काम मिळेल. त्या पाचव्या मशीनसाठी कोणाकडे अर्ज करावा लागणार नाही.

जयभीम!