घटसर्प: अहवालाआधीची सुई

खेड्यात घटसर्प म्हटलं की पावसाळ्याआधी गाई-म्हशींना टोचायची लस आठवते. माणसाचा घटसर्प, म्हणजे डिप्थेरिया, हा निराळ्याच जंतूचा रोग. लसीमुळे तो इतका विरळ झाला, की कित्येक तरुण डॉक्टरांनी तो पुस्तकातच पाहिलेला असतो, आणि धोका इथेच आहे. घसा दुखणं, बारीक ताप, गिळताना त्रास हे साध्या घसादुखीतही असतं. फरक कळतो तो जीभ दाबून बॅटरीच्या उजेडात पाहिल्यावर. टॉन्सिलवर राखाडी, चिवट पापुद्रा दिसतो. तो पडजिभेपर्यंत पसरलेला असू शकतो आणि सोडवायला गेलं तर रक्त येतं. (म्हणून घरी कुणी तो प्रयोग करू नये.) कधी मान सुजून जबड्याइतकी रुंद होते.

असं चित्र दिसलं की स्वॅब घ्यावा, पण अहवालासाठी उपचार अडवू नये. जंतू बहुधा घशातच मुक्काम ठोकतो. जीव घेतं ते त्याचं विष. रक्तातून ते हृदयाच्या स्नायूंपर्यंत आणि मज्जातंतूंपर्यंत पोचतं. पेनिसिलिन किंवा एरिथ्रोमायसिन जंतूला मारतं, पण आधीच सुटलेल्या विषाचं काही बिघडवत नाही. त्यासाठी प्रतिविष लागतं, आणि तेही रक्तात मोकळं फिरणारं विषच निकामी करतं. पेशीत शिरलेल्या विषापुढे ते हात टेकतं. जंतू वाढवून तो विषारी आहे का हे ठरवायला प्रयोगशाळेला काही दिवस लागतात. विष तेवढं थांबत नाही.

यावरचा आक्षेप पोकळ नाही. प्रतिविष घोड्याच्या रक्तापासून बनतं, त्याची जीवघेणी ॲलर्जी होऊ शकते. मग नुसत्या संशयावर ते का द्यायचं? पण ॲलर्जीची चाचणी आधी करता येते, ॲड्रेनॅलिन हाताशी ठेवता येतं. हृदयात शिरलेलं विष परत काढता येत नाही. प्रतिविष मिळतं कुठे, हा प्रश्न मात्र खरा आहे. एमिल बेरिंग यांना याच उपचाराच्या कामासाठी १९०१ साली वैद्यकाचं पहिलं नोबेल मिळालं. तरी २०१५ मध्ये स्पेनमधल्या ओलोत गावच्या, लस न घेतलेल्या सहा वर्षांच्या मुलासाठी ते रशियातून आणावं लागलं. त्या देशात १९८६ नंतरचा तो पहिलाच रुग्ण. मूल वाचलं नाही.

लहानपणीच्या लसीचा जोर पुढे ओसरतो. घरातल्या मुलांचं लसीकरण कार्ड काढा आणि दहाव्या व सोळाव्या वर्षीच्या टीडी (धनुर्वात-घटसर्प) लसीच्या नोंदी आहेत का, ते पाहा.