विचारपूस हाही उपचार

झोप लागते का? जेवण जाते का? कामात मन लागते का? यवतमाळ जिल्ह्यात ओसरीवर टेकलेल्या आशाताई बाळाच्या लसीबरोबर हेही विचारू शकतात. राज्य सरकारने २०१५ मध्ये विदर्भ-मराठवाड्यातील १४ जिल्ह्यांत सुरू केलेल्या ‘प्रेरणा’ प्रकल्पाने त्यांच्यावर हे काम सोपवले. कास्तकाराच्या घरातला ताण वेळीच हेरायचा आणि गरज दिसली तर प्राथमिक आरोग्य केंद्रात, तिथून जिल्हा रुग्णालयात पाठवायचे, अशी ही साखळी.

अशा साध्या प्रश्नांमागे शास्त्र आहे. जगभर वापरल्या जाणाऱ्या ‘पीएचक्यू-९’ चाचणीत नऊच प्रश्न असतात. मागच्या दोन आठवड्यांत त्रास किती दिवस झाला, यावरून प्रत्येक प्रश्नाला शून्य ते तीन गुण. बेरीज २७ च्या जितकी जवळ, तितके नैराश्य तीव्र.

नैराश्य माणसाला आधी एकटे पाडते. पीक बुडाले, सावकाराचा तगादा लागला की माणूस पारावर जायचे टाळतो, लग्नकार्य चुकवतो. भेटीगाठी तुटल्या की मनाला उभारी देणारे प्रसंगही आटतात आणि खिन्नता आणखी वाढते.

हे चक्र उलटे फिरवता येते. गोव्यातील ‘संगत’ संस्थेने मानसोपचाराची पदवी नसलेल्या समुपदेशकांना प्रशिक्षण दिले. रुग्णाने बंद केलेली छोटी कामे आणि भेटी सहा ते आठ बैठकांत पुन्हा सुरू करून द्यायच्या, एवढाच गाभा. २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार तीन महिन्यांनी ६४ टक्के रुग्ण नैराश्यातून बाहेर आले होते, नेहमीचेच उपचार मिळालेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होते.

शेजारच्या अमरावतीत ३० गावांत ‘विश्राम’ कार्यक्रमाने हीच वाट धरली. गावातल्याच कार्यकर्त्यांनी घरोघरी संवाद साधला. नैराश्यासाठी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण दीड वर्षात ४.३ वरून २७.२ टक्क्यांवर गेले, नैराश्याचे प्रमाण १४.६ वरून ११.३ टक्क्यांवर आले. तुलनेसाठी वेगळी गावे नव्हती, म्हणून सारे श्रेय कार्यक्रमालाच देता येणार नाही. पण गावकरी मदत मागायला पुढे आले, हेच मोठे यश.

दुःख चारचौघांत बोलण्याचे बळ यवतमाळने रंगमंचावरही पाहिले. श्याम पेठकर लिखित, हरीश इथापे दिग्दर्शित ‘तेरवं’ नाटकात आत्महत्याग्रस्त कास्तकारांच्या पत्नींनी भूमिका केल्या. त्यांपैकी कळंब तालुक्यातील राजूरच्या वैशाली येडे यांनी जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळच्या ९२ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे उद्घाटन केले.

माणसांची सोबत कर्ज फेडत नाही, कापसाला भाव देत नाही. तीव्र नैराश्याला डॉक्टर आणि औषधही लागतेच. मात्र तिथवर पोचवणारा बहुधा घरचा किंवा शेजारचाच असतो. जगणे नकोसे झाल्याचे कुणी बोलले, तर त्याला एकटे सोडू नये. ‘टेली-मानस’ या मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर चोवीस तास मराठीतूनही बोलता येते, घरच्यांनीही फोन करून सल्ला घ्यावा.