फलांच्या कुलांचे अध्यापन: जनगणनेच्या आकड्यांचा उपयोग

गणिताच्या पाठ्यपुस्तकांत फलाची ओळख बहुधा सूत्रापासून सुरू होते. आधी सूत्र, मग कोष्टक, शेवटी आलेख. रेषीय, वर्गीय, घातांकी, आवर्ती ही फलांची कुले स्वतंत्र प्रकरणांत येतात आणि कोणते सूत्र वापरायचे ते प्रकरणाच्या शीर्षकावरूनच कळते. त्यामुळे निवड करण्याचा प्रसंग विद्यार्थ्यावर येतच नाही. व्यवहारात हाती येतात ते नुसते आकडे. त्यांवर कुलाचे नाव लिहिलेले नसते. ही उणीव प्रत्यक्ष माहितीच्या आधारे भरून काढता येते. भारताच्या जनगणनेचे आकडे त्यासाठी विशेष उपयुक्त आहेत.

कुल ओळखण्याच्या कसोट्या

निरीक्षणे समान अंतराने घेतलेली असतील तर तीन कसोट्या पुरतात. लगतच्या संख्यांतील फरक स्थिर असेल तर फल रेषीय. फरकांचे फरक स्थिर असतील तर वर्गीय. लगतच्या संख्यांचे गुणोत्तर स्थिर असेल तर घातांकी. जनगणना २०११ पर्यंत दर दहा वर्षांनी होत आल्याने समान अंतराची अट येथे आपोआप पूर्ण होते.

वर्ष : लोकसंख्या (कोटी) : दशकातील वाढ (कोटी) : गुणोत्तर
१९५१ : ३६.११ : – : –
१९६१ : ४३.९२ : ७.८१ : १.२२
१९७१ : ५४.८२ : १०.९० : १.२५
१९८१ : ६८.३३ : १३.५१ : १.२५
१९९१ : ८४.६४ : १६.३१ : १.२४
२००१ : १०२.८७ : १८.२३ : १.२२
२०११ : १२१.०९ : १८.२२ : १.१८

वर्गातील कृती

प्रथम विद्यार्थ्यांना १९६१, १९७१ आणि १९८१ हे तीनच आकडे द्यावेत आणि २०११ चा अंदाज करावयास सांगावे. गुणोत्तर दोन्ही वेळा १.२५ येत असल्याने बहुतेकांचा कल घातांकी फलाकडे जाईल. ६८.३३ ला १.२५ ने तीनदा गुणल्यास सुमारे १३३.५ कोटी मिळतात. दुसऱ्या गटाने १३.५१ ही शेवटची वाढ स्थिर मानल्यास रेषीय फलाने सुमारे १०८.९ कोटी येतात. प्रत्यक्ष संख्या १२१.०९ कोटी आहे. म्हणजे एक अंदाज सुमारे १२ कोटींनी जास्त, तर दुसरा तितकाच कमी. शाळा, धान्य व दवाखाने यांचे नियोजन अशाच अंदाजांवर होत असल्याने कुलाच्या निवडीला किती महत्त्व आहे, हे वेगळे सांगावे लागत नाही.

तिसऱ्या गटाने त्याच तीन बिंदूंतून अन्वस्त काढावा. फरकांचा फरक २.६१ येतो आणि २०११ साठी उत्तर १२४.५ कोटी मिळते. हे तिन्हींत सर्वांत जवळचे आहे. मग वर्गीय फल हेच योग्य कुल मानावे काय? येथे शिक्षकाने तोच अन्वस्त मागे न्यावयास सांगावे. त्यावरून १९०१ ची लोकसंख्या सुमारे ३३ कोटी येते आणि १९२१ च्या सुमारास वक्र तळाशी पोहोचतो. प्रत्यक्षात १९०१ ची नोंद २३.८४ कोटींची आहे. घातांकी फल मागे नेल्यास उलट टोक गाठले जाते. ते १९०१ साठी सुमारे ११.५ कोटी दाखवते. आलेख जुळला म्हणजे कारण सापडले असे नव्हे, आणि प्रत्येक प्रतिमान ठरावीक कालावधीपुरतेच खरे असते, हे दोन धडे विद्यार्थी येथे स्वतःच्या आकडेमोडीतून शिकतो.

कारणांचा विचार

घातांकी फलामागे एक अर्थ आहे: वाढ ही त्या वेळच्या लोकसंख्येच्या प्रमाणात होते. जन्मदर घटू लागला की हे प्रमाण टिकत नाही. कोष्टकात १९८१ नंतर गुणोत्तर उतरत जाते, आणि शेवटच्या दोन दशकांतील वाढ जवळजवळ सारखी आहे. आधी वेगाने वाढून पुढे मंदावणाऱ्या अशा वाढीसाठी बेल्जियन गणिती व्हेरहुल्स्ट यांनी १८३८ मध्ये वेगळे समीकरण मांडले. त्यातून मिळणाऱ्या फलाला लॉजिस्टिक फल म्हणतात. त्याच्या मध्यभागी आलेख काही काळ रेषेसारखाच दिसतो. म्हणून केवळ शेवटचे तीन आकडे पाहून ‘रेषीय’ म्हणणेही घाईचे ठरेल.

आवर्ती फलासाठी दिवसाची लांबी हे सोपे उदाहरण आहे. सूर्योदय व सूर्यास्ताच्या वेळा वर्तमानपत्रांत मिळतात. पणजीला दिवस वर्षभरात सुमारे सव्वाअकरा ते तेरा तासांचा असतो, ग्वाल्हेरला सुमारे साडेदहा ते पावणेचौदा तासांचा. दोन्ही वक्रांचा आवर्तकाल एक वर्ष आणि मध्यरेषा बारा तासांच्या किंचित वर. भिन्न आहे तो केवळ आयाम, आणि त्याचे कारण अक्षांश. एकाच कुलातील दोन फले प्राचलामुळे कशी वेगळी होतात, हे यावरून स्पष्ट होते.

काही सूचना

या कृतीसाठी संगणक अनिवार्य नाही. आलेख कागद व साधा गणकयंत्र पुरेसा आहे. काही आकडे आधी झाकून ठेवावेत आणि अंदाज लेखी घेतल्यावरच उघड करावेत. गुण देताना अंदाज किती जवळ आला यापेक्षा कुल निवडण्याचे कारण व प्रतिमानाची मर्यादा यांना अधिक वजन द्यावे. सूत्र विस्मरणात गेले तरी आकड्यांना प्रश्न विचारण्याची सवय विद्यार्थ्याजवळ राहावी, हाच या पद्धतीचा हेतू आहे.