लख्ख उन्हात फुगणारी नदी : योसेमिटीच्या मिस्ट ट्रेलची ओळख

सह्याद्रीच्या कुशीत वाढलेल्या माणसाच्या मनात धबधब्यांचे वेळापत्रक पक्के बसलेले असते. मृगाच्या सरींनी कडे वाहू लागतात, आषाढ-श्रावणात ते रौद्र रूप धारण करतात आणि दिवाळीनंतर हळूहळू आटतात. आभाळ भरून आले की ओढ्यापासून दूर राहावे आणि उघडीप पडली की निर्धास्त व्हावे, हा धडाही त्यासोबत मिळालेला असतो. कॅलिफोर्नियातील योसेमिटी राष्ट्रीय उद्यानात मात्र हाच धडा दगा देतो. तेथील मर्सेड नदी बहुधा मे-जूनमध्ये, निरभ्र आकाशाखाली दुथडी भरून वाहते.

याचे कारण पाऊस नसून बर्फ आहे. सिएरा नेवाडा पर्वतरांगेत हिवाळाभर साचलेला बर्फ वसंतात वितळू लागतो. ऊन जितके कडक, तितके पाणी अधिक. दुपारी उंचावर वितळलेले पाणी खाली पोहोचण्यास काही तास लागतात, म्हणून सकाळच्या तुलनेत नदी सायंकाळनंतर अधिक फुगते. हे पाणी नुकतेच बर्फातून सुटलेले असल्याने अत्यंत थंडही असते. त्यात पडलेल्या माणसाचे हातपाय अल्पावधीत बधिर होतात आणि पट्टीचा पोहणाराही हतबल ठरतो.

याच नदीच्या काठाने मिस्ट ट्रेल वर चढते. हॅपी आइल्सपासून सुमारे पाऊण मैलावर लाकडी पूल लागतो व तेथून ३१७ फुटांचा व्हर्नल फॉल प्रथम दिसतो. पुढे ग्रॅनाइटमध्ये घडवलेल्या सहाशेहून अधिक पायऱ्या आहेत. वसंतात धबधब्याचे तुषार या पायऱ्यांवर अखंड बरसतात. चढणारा नखशिखांत भिजतो आणि ऊन असल्यास हाताच्या अंतरावर इंद्रधनुष्य पाहतो. त्याही पुढे ५९४ फूट उंचीचा नेवाडा फॉल आहे. त्याच्या माथ्यापर्यंत जाऊन त्याच वाटेने परतल्यास एकूण अंतर सुमारे साडेपाच मैल आणि चढ जवळजवळ २,००० फूट होतो. प्राचीन हिमनदीने भेगाळलेला कातळ उखडून नेल्यामुळे या दरीला प्रचंड पायऱ्यांचा आकार आला. हे दोन धबधबे म्हणजे त्यांपैकीच दोन पायऱ्या होत.

निसरड्या पायऱ्यांवर माणूस आपसूक जपून पाऊल टाकतो. खरा धोका त्या संपल्यावर सुरू होतो. व्हर्नल फॉलच्या माथ्यावर सपाट, उबदार कातळ आहे आणि थोडे वर एमराल्ड पूल नावाचा हिरवागार डोह. चढून दमलेल्या प्रवाशाला तेथे पाय बुडवण्याचा मोह होतो. पण डोहाच्या वरच्या अंगाला सिल्व्हर एप्रन ही गुळगुळीत घसरण आहे आणि खालच्या अंगाला धबधब्याची कड. हिमनदीने व पाण्याने झिजलेला हा ग्रॅनाइट कोरडा असतानाही पाय घसरवतो. जुलै २०११ मध्ये याच माथ्यावर कठडा ओलांडून पाण्याजवळ गेलेले तीन तरुण प्रवाहासोबत कड्यावरून वाहून गेले. त्या वर्षी बर्फ विपुल पडल्याने जुलैतही नदीला मोठा जोर होता. डोहात पोहण्यास मनाई आहे, ती याच कारणाने.

म्हणून नियोजन साधे असावे. पहाटे लवकर निघावे. त्यामुळे गर्दी टळते आणि उतरताना दुपारचे ऊनही लागत नाही. पकड चांगली असलेले बूट, रेनकोट आणि पुरेसे पिण्याचे पाणी सोबत घ्यावे. नेवाडा फॉलपर्यंत गेल्यास परतताना ओल्या पायऱ्या टाळून जॉन म्यूर ट्रेलने उतरावे. ती वाट थोडी लांब असली तरी चढ सौम्य आहे आणि तेथून नेवाडा फॉलचे विहंगम दर्शन घडते. हिवाळ्यात बर्फामुळे या वाटांचे काही भाग बंद असतात, त्यामुळे निघण्यापूर्वी उद्यानाची त्या दिवशीची सूचना पाहावी.

भारतातून आईवडील आले असतील, तर त्यांच्यासह लाकडी पुलापर्यंत जाऊन परतण्यातही कमीपणा नाही. त्या पुलावरूनही धबधब्याचे दर्शन पुरेपूर घडते. मात्र कोठवरही गेले तरी एक गोष्ट ध्यानी ठेवावी. जेथे पाणी गर्जते, तेथे माणूस स्वतःहून सावध होतो. जेथे ते शांत दिसते, तेथे मात्र ही सावधगिरी आठवणीने बाळगावी लागते.