‘तरुणी’ की ‘कुमारी’? दोन हजार वर्षं चाललेला एका शब्दाचा वाद

नाताळ आला की कुमारी मरियेच्या पोटी झालेल्या येशूच्या जन्माची कथा सांगितली जाते. मत्तयच्या शुभवर्तमानाने या जन्माला यशया संदेष्ट्याच्या भविष्यवाणीचा आधार दिला आहे. पण यशयाचा ग्रंथ मूळचा ज्यूंचा. मग ज्यू परंपरेला त्यात कुमारी माता का दिसत नाही? समजून घेऊया.

मूळ प्रसंग काय?

इसवी सनपूर्व 735च्या सुमारास अराम आणि इस्राएल या दोन राज्यांनी यहूदावर चाल केली. जेरुसलेममध्ये राजा आहाज हादरला. यशयाने त्याला खूण सांगितली : एका तरुणीला मुलगा होईल, त्याचं नाव इम्मानुएल असेल आणि त्याला बरंवाईट कळू लागण्याआधीच दोन्ही शत्रूंचा देश ओसाड पडेल. पुढे इसवी सनपूर्व 732मध्ये अरामची राजधानी दमास्कस अश्शूरी सैन्याने जिंकली.

ज्यू अभ्यासकांचा प्रश्न साधा आहे. सात शतकांनंतर होणारा जन्म घाबरलेल्या आहाजला धीर कसा देणार? 11व्या शतकातले भाष्यकार राशी यांच्या मते ती तरुणी म्हणजे यशयाचीच पत्नी.

शब्दाचा घोळ कुठे झाला?

हिब्रूत इथे ‘अल्मा’ म्हणजे तरुणी असा शब्द आहे. कुमारीसाठी ‘बतूला’ हा नेहमीचा शब्द यशया इतरत्र वापरतो, इथे नाही. येशूच्या आधीच ज्यूंनी केलेल्या ग्रीक भाषांतरात ‘पार्थेनोस’ हा शब्द आला. त्याचा रूढ अर्थ कुमारी. मत्तयने तोच घेतला. मात्र याच ग्रीक भाषांतरात उत्पत्तीच्या पुस्तकातल्या दीनेला अत्याचारानंतरही ‘पार्थेनोस’ म्हटलं आहे.

ख्रिस्ती बाजू काय म्हणते?

त्या काळात ‘अल्मा’ म्हणजे अविवाहित, म्हणून कुमारीच, असं अनेक ख्रिस्ती अभ्यासक मानतात. भविष्यवाणी एकदा आहाजच्या काळात आणि पुन्हा येशूच्या जन्मात खरी ठरली, असंही सांगितलं जातं. 1952मध्ये एका इंग्रजी बायबलने इथे ‘तरुणी’ छापलं, तेव्हा अमेरिकेत एका पाद्र्याने ते पान जाळलं होतं.

मग ज्यूंचा मशीहा कसा?

तो दावीदच्या वंशातला, माणसाच्याच पोटी जन्मलेला राजा. वंश वडिलांकडून मोजला जात असल्याने त्याला मानवी पिता हवाच. 12व्या शतकातले मायमोनिडीज सांगतात की, त्याने चमत्कार करायची गरज नाही. त्याने मंदिर उभारावं आणि विखुरलेल्या ज्यूंना एकत्र आणावं. थोडक्यात, मशीहाची ओळख जन्मावरून नाही, कामावरून पटते.

ही वाट आपल्याकडेही पाहिली जाते. कोकणातल्या बेने इस्राएल ज्यूंच्या मलिदा विधीत एलियाहू संदेष्ट्याचं स्मरण होतं. मशीहाच्या येण्याची वर्दी तोच देणार, अशी ज्यू श्रद्धा आहे.