अंड्याची जागा कोणी निवडायची?

मराठी माणसाच्या मनात शंका आली की पाल चुकचुकते आणि घरात पाल दिसली की हातात झाडू येतो. तरीही आता पिंपरी-चिंचवडच्या फ्लॅटमधून काचेच्या पेटीत लेपर्ड गेको पाळणारी तरुण मंडळी भेटतात. ‘सर, अंडी घातलीत, आता उबवायची कशी?’ असं विचारतात. आम्ही पडलो तत्त्वज्ञानाचे. पण या प्रश्नात आमचाही विषय आहे.

आधी ‘उबवणे’ हा शब्द पाहू. कोंबडी अंड्यावर बसते, स्वतःच्या अंगाची ऊब देते, अंडी फिरवते. ही पाल यातलं काहीच करत नाही. ती ओलसर जागा निवडते, साधारणपणे दोन अंडी पुरते आणि निघून जाते. म्हणजे तिचं आईपण जागेच्या निवडीत आहे. आपण अंडी उचलली, की ती निवड आपल्याकडे येते.

ती निभवायची कशी? अंड्याची वरची बाजू पेन्सिलीने खुणावावी आणि ती शेवटपर्यंत वरच ठेवावी. आतला गर्भ वरच्या बाजूला कवचालगत चिकटतो. अंडं उलटलं तर तो दगावू शकतो. नर्सरीत मिळणारं व्हर्मिक्युलाइट भिजवून, मुठीत दाबल्यावर पाणी ठिबकणार नाही इतपत ओलं ठेवावं. कवच मऊ असतं, ते ओल शोषतं. काही दिवसांनी अंधारात टॉर्च लावला की लाल शिरा दिसतात. त्या दिसल्या, की अंडं जिवंत आहे.

आता मुख्य गोष्ट. या पालीत नर की मादी हे उबवणीचं तापमान ठरवतं. 26 अंशांना बहुतेक माद्या, 32-33 अंशांना बहुतेक नर, 34च्या पुढे पुन्हा बहुतेक माद्या! रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासच्या किनाऱ्यावर समुद्री कासवांची अंडी जपतात, तिथेही लिंग वाळूच्या उष्णतेवरच ठरतं. मात्र कासवांत गार वाळूत नर, उष्ण वाळूत माद्या.

चाकणच्या कारखान्यात भट्टीचं सेटिंग लावलं, की ठरलेला माल निघतो, हे तुम्हाला ठाऊक आहे. इथे ‘बहुतेक’ हा शब्द विसरू नका. शिवाय आपला थर्मोस्टॅट फक्त तापवतो, गार करत नाही. मे महिन्यातल्या दुपारी बंद फ्लॅट स्वतःच तापतो. म्हणून पेटी सर्वांत गार खोलीत, जमिनीलगत ठेवावी. थर्माकोलच्या पेटीत पाण्याच्या बाटल्या ठेवल्या, तर वीज गेली तरी तापमान सावकाश उतरतं. थोडा गारवा अंडं सोसतं. जास्त उष्णता सोसत नाही.

पण काटा 26वर लावायचा की 32वर, हे विचारण्याआधी एक प्रश्न आहे: ही पिलं जाणार कुठे? नीट सांभाळलं तर हा प्राणी पंधरा-वीस वर्षं जगतो. दोन नर एका पेटीत ठेवले तर एकमेकांना फाडतात. एका हंगामात मादी अनेकदा अंडी घालते. ही पिलं टेकडीवर सोडून मोकळं होणं हा पर्याय नाही. आणि टेकडीवरची पाल किंवा तिची अंडी घरी आणणं हाही नाही.

घर ठरलेलं नसेल, तर अंडी पहिल्याच दिवशी फ्रीझरमध्ये ठेवावीत. ऐकायला कठोर वाटेल. पण शिरा दिसू लागल्यावर हाच निर्णय फार जड होतो, म्हणून तो पहिल्या दिवशीच घ्यावा.